सदुसष्ट एकरांतला हिमालय

नामपल्लीच्या बाजूने जाताना 'गोल्डन थ्रेशोल्ड' ही वास्तू आपल्या हैदराबादकर वाचकांपैकी बहुतेकांनी बाहेरून तरी पाहिलेली असेल. सरोजिनी नायडूंचे हे घर. त्यांच्या कन्या पद्मजा नायडू यांनी ते विद्यापीठाला दिले, आणि १९७४ साली हैदराबाद विद्यापीठाचा संसार प्रथम मांडला गेला तो याच वास्तूत. मात्र याच पद्मजाबाईंचे नाव दोन हजारांहून अधिक किलोमीटरांवर, धुक्यात बुडालेल्या एका डोंगरउतारावरील प्रवेशद्वारावर लिहिलेले आहे, हे मला दार्जिलिंगला जाईपर्यंत ठाऊक नव्हते. 'पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालय' ही पाटी वाचली आणि परमुलखात अचानक आपल्या गल्लीतले माणूस भेटावे तसे वाटले.

पद्मजाबाई १९५६ ते १९६७ या काळात पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. त्यांच्या कारकिर्दीतच, १४ ऑगस्ट १९५८ रोजी, हे संग्रहालय स्थापन झाले. १९७५ साली त्या निवर्तल्या आणि त्याच वर्षी त्यांचे नाव या संस्थेस देण्यात आले. हिमालयाच्या उंच भागातील पशुपक्षी त्यांच्या हवामानातच राखावेत, हा मूळ हेतू. त्यामुळे इथे हत्ती नाही, जिराफ नाही, पाणघोडा नाही. आहेत ती माणसे, चुकलेच, जनावरे, सगळी थंडीच्या देशची: तिबेटी लांडगा, हिमालयीन काळे अस्वल, लाल पांडा, आणि ज्याच्यासाठी आम्ही मुद्दाम वाट वाकडी केली तो हिमबिबट्या.

प्रवासाचे वर्णन लांबवीत नाही. सिकंदराबादेहून फलकनुमा एक्स्प्रेसने हावडा, सियालदहहून रात्रीच्या दार्जिलिंग मेलने न्यू जलपायगुडी, आणि तिथून जीपने वर. वळणे मोजू नयेत हे उत्तम. १८८१ पासून या घाटातून धावणारी ती दोन फुटी रुळांची लहानगी आगगाडी रस्त्याच्या कधी उजवीकडून तर कधी डावीकडून सोबत करते, आणि माणसांच्या ओट्यांना जवळजवळ घासून जाते. कार्तिकी एकादशी नुकतीच झालेली होती. घूमच्या ठाण्यापाशी जीपमधून उतरलो तेव्हा आमच्या ह्यांनी मुकाट्याने कानटोपी काढली आणि वन्संनी शालीवर शाल घेतली.

वन्सं म्हणजे माझ्या धाकट्या नणंदबाई. त्यांच्याविषयी इथे सांगितलेच पाहिजे, कारण प्राणिसंग्रहालय हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. १९६३ साली बहादुरपुऱ्याकडचे नेहरू प्राणिसंग्रहालय उघडण्यापूर्वी आपल्या शहरातील जनावरे बाग-ए-आममध्ये असत. त्या काळच्या रीतीप्रमाणे गजांचे लहान पिंजरे, खाली फरशी. लहानपणी वडिलांचे बोट धरून वन्संनी तिथे एक वाघ पाहिला होता. तो चार पावले पुढे जाई, वळे, चार पावले मागे येई, पुन्हा वळे. पाऊण तास त्या तिथे उभ्या होत्या आणि पाऊण तासात त्या वाघाने दुसरे काही केले नाही. "वहिनी, तुम्ही दोघे जा. मी बाहेर बाकावर बसते. त्या वाघाची पावले मला अजून ऐकू येतात," असे त्यांनी हैदराबादेतच बजावले होते.

आता दार्जिलिंगची व्यवस्था अशी की प्राणिसंग्रहालय आणि हिमालयीन गिर्यारोहण संस्था यांचे आवार जोडलेले आहे, आणि तिकीटही एकच. तेनसिंगांच्या एव्हरेस्ट विजयानंतर, १९५४ साली, ही संस्था निघाली. तेनसिंगांना पाहिल्याशिवाय वन्सं परत फिरणार नव्हत्या, आणि तेनसिंगांकडे जाणारी वाट जनावरांमधूनच जाते. त्या आत आल्या, पण मान खाली घालून.

वाट चढाची आहे. दोन्ही बाजूंना उंच झाडे, त्यांच्या बुंध्यांवर शेवाळ, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फुटांवरचा तो ओला गारवा. सहली आल्या होत्या. शाळकरी मुले, नवविवाहित जोडपी, भाड्याने घेतलेले नेपाळी पोशाख घालून छायाचित्रे काढून घेणारी मंडळी. लाल पांडापाशी तर पंढरीची गर्दी. तो प्राणी आहेच तसा: तांबूस, झुबकेदार, लहान मुलाच्या खेळण्यासारखा. त्याच्याकडे पुन्हा येईन, कारण त्याची गोष्ट पुढे लागणार आहे.

हिमबिबट्याच्या आवारापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे कुणीच नव्हते, आणि आतही कुणी नसावे असे वाटले. जाळीपलीकडे खडक होते, लाकडी फळ्यांचे माच होते, एक आडवे पडलेले खोड होते. आमचे हे म्हणाले, "आत गेला असेल." आम्ही पाच मिनिटे उभे राहिलो. मग त्यातल्या एका खडकाने शेपूट हलवले.

याहून नेमके मला सांगता येत नाही. जनावर खडकाच्या मागून आले नाही की कुठून अवतरले नाही. ते सारा वेळ आमच्यासमोर होते, आणि आम्ही तिघे डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहत होतो. राखेत थोडे दूध मिसळावे तसा अंगाचा रंग, त्यावर फुलांसारखी विस्कटलेली काळपट करडी वर्तुळे. मध्येच कुठे रेघ स्पष्ट, मध्येच पुसट. दगडावरच्या दगडफुलाची आठवण व्हावी. दिसला म्हणता म्हणता नजर थोडी बाजूला गेली की पुन्हा दिसेनासा होई.

मग तो उठला. अंग तसे मोठे नाही. पूर्ण वाढलेला हिमबिबट्या साधारण बावीस ते पंचावन्न किलोंचा असतो, म्हणजे वाघापुढे लहानच. पण शेपूट! जवळजवळ मीटरभर लांब आणि मनगटाहून जाड. कड्यांवरून उड्या मारताना तोल सांभाळायला ते लागते, आणि झोपताना त्याचाच मफलर होतो. आमच्यासमोर त्याने तेच केले. माचावर जाऊन बसला, शेपूट पुढे आणून तोंडावरून घेतले आणि फक्त डोळे बाहेर ठेवले. डोळे फिके, हिरवट करडे. आपल्याकडच्या बिबट्याच्या डोळ्यांत जी पिवळी धग असते ती त्यांत नाही. पंजे मात्र अंगाच्या मानाने अवाढव्य, तळव्यांनाही केस. बर्फात पाय रुतू नये आणि गारठूही नये, अशी दुहेरी योजना. नाकाच्या पोकळ्या रुंद, विरळ थंड हवा आत घेता घेता ऊब देण्यासाठी. आणि एवढे सगळे असून या प्राण्याला डरकाळी फोडता येत नाही. तो गुरगुरतो, मांजरासारखा ओरडतो, ओळखीच्या माणसाला पाहून नाकातून हलके फुत्कारतो.

नावाविषयी एक शब्द. मराठीत आपण त्याला हिमबिबट्या म्हणतो, हिंदीत हिम तेंदुआ म्हणतात. लडाखी लोक नुसते 'शान' म्हणतात, आणि मला वाटते तेच बरे. कारण जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी आता दाखवून दिले आहे की याचे जवळचे नाते बिबट्याशी नसून वाघाशी आहे. म्हणजे ठिपक्यांवरून आपण सोयरीक जुळवली, ती चुकीच्या घराशी.

तेवढ्यात एक सहल आली. कुणीतरी विचारले, "आत काय आहे?" कुणी म्हणाले, "काही नाही, रिकामे आहे." एकाने दोन बोटे तोंडात घालून कर्कश शिट्टी मारली, दुसऱ्याने जाळी हलवली. माचावरच्या त्या दोन डोळ्यांची उघडझाप झाली, बाकी काही नाही. सहल पुढे गेली. मी वन्संकडे पाहिले. त्यांची मान आता खाली नव्हती. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या, पण चेहऱ्यावर कौतुक नव्हते.

बादली घेऊन एक वयस्क राखणदार आला. नेपाळी हेल असलेल्या हिंदीत तो आमच्याशी बोलू लागला. वन्संनी त्याला विचारले, हा कुठून धरून आणला? तो हसला. हा इथलाच, म्हणाला, आणि याची आईही इथलीच. "इनका मायका भी यही, ससुराल भी यही." काही काही मात्र सासरी जातात, लांबच्या दुसऱ्या संग्रहालयात, आणि तिकडून इकडे येतात, हेही त्याने सांगितले.

या माहेर-सासरच्या हिशेबात पुष्कळ शास्त्र आहे. दार्जिलिंगमध्ये हिमबिबट्यांची पैदास करण्याचा कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला. परदेशांतून आणि लडाखमधून आणलेल्या मोजक्या जनावरांपासून वंश वाढवीत नेला, आणि आजपर्यंत पन्नासाहून अधिक बछडी इथे जन्मली. नर-मादीच्या जोड्या लावण्याचे काम प्रेक्षकांच्या गजबजाटात होत नाही. त्यासाठी तोपकेदारा येथे वेगळे केंद्र आहे, आणि तिथे आपल्यासारख्यांना प्रवेश नाही. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या वंशाला मोठा धोका असतो तो सगोत्र विवाहाचा. आपल्या आजोबांनी गोत्र-प्रवर पाहिल्याशिवाय पत्रिका हातात घेतली नाही, तसेच इथेही. जगभरातील संग्रहालयांमधल्या हिमबिबट्यांची एक वंशावळ ठेवलेली आहे. १९७०च्या दशकापासून हेलसिंकीच्या प्राणिसंग्रहालयाने ती लिहिण्याचा भार वाहिला. कोण कुणाचा मुलगा, कुणाची नात कुठे दिली, हे त्यात पाहूनच पुढची जोडी ठरते. फरक एवढाच की हुंडा नाही.

वन्संनी त्या राखणदाराला आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारल्यावर आमच्यातले कुणीच काही वेळ बोलले नाही. "इतके जन्मले, त्यांपैकी डोंगरात किती गेले?" राखणदाराने मान हलवली. एकही नाही.

हे ऐकून आमच्या ह्यांना लाल पांडाची आठवण झाली, कारण आधीच्या पाटीवर त्यांनी वाचले होते. त्या प्राण्याच्या बाबतीत दार्जिलिंगकरांनी खरोखर मोठे काम केलेले आहे. २००३ साली इथे जन्मलेल्या दोन माद्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सोडल्या. त्यांतील एक मारली गेली, पण दुसरी जगली आणि तिला रानातच पिल्लू झाले. अलीकडच्या वर्षांतही आणखी काही लाल पांडा तिकडे गेले आहेत. मग हिमबिबट्याच का नाही?

उत्तर कठीण नाही, पण कटू आहे. लाल पांडा बांबूची पाने खातो. पाने कशी खावीत हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. हिमबिबट्याचे बछडे दीड-दोन वर्षे आईच्या मागे हिंडते, आणि त्या काळात कड्यावरून भरलच्या कळपावर कसे उतरायचे ते शिकते. बादलीतून मांस मिळालेल्या आईने ते कुठून शिकवावे? शिवाय इथल्या जनावराला माणसाचे भय नाही. असा प्राणी उद्या डोंगरात सोडला तर तो भरलच्या मागे न लागता मेंढवाड्याकडेच जाईल, आणि त्याची किंमत मेंढपाळाला मोजावी लागेल, आणि मग त्यालाही.

आणि जागा. मंगोलियात गळ्यात यंत्र बांधून सोडलेल्या हिमबिबट्यांचा मागोवा घेतला, तेव्हा एकेका नराचा वावर सरासरी दोनशे चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशात आढळला. दार्जिलिंगचे अख्खे संग्रहालय, सगळी जनावरे, वाटा, कचेऱ्या धरून, सदुसष्ट एकरांच्या किंचित वर आहे. मी हिशेब केला. एका नराच्या मुलखात अशी साडेसातशे संग्रहालये बसतील. हवेचेही तसेच. थंडी आहे हे खरे, पण हा प्राणी कोरड्या थंडीचा. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. दार्जिलिंगला अडीच हजारांहून अधिक. चार महिने ढगात राहायचे.

उलट बाजूने बोलायचे तर हा प्राणी रानात पाहणे म्हणजे काय असते, तेही ध्यानात घेतले पाहिजे. जॉर्ज शॅलर यांनी १९७० साली चित्रालच्या डोंगरांत त्याची छायाचित्रे घेतली तेव्हा ती मोठी नवलाई ठरली होती. पीटर मॅथिसन हे लेखक १९७३ साली त्याच शॅलर यांच्याबरोबर नेपाळातील डोल्पोत आठवडेच्या आठवडे चालले. पायांचे ठसे दिसले, पण जनावर दिसले नाही. तरी पुढे १९७८ साली त्यांनी त्या प्रवासावर लिहिलेल्या पुस्तकाला नाव दिले ते हिमबिबट्याचेच. आम्ही तिकीट काढले आणि पाच मिनिटांत पाहिला. पाहिला खरा. पण मॅथिसन यांना न दिसलेला आणि आम्हाला दिसलेला प्राणी एकच का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

रानातील मोजदाद मात्र आता आपल्यापाशी आहे. २०१९ ते २०२३ या वर्षांत देशभर पाहणी झाली, आणि २०२४ च्या जानेवारीत तिचे आकडे प्रसिद्ध झाले: भारतात ७१८ हिमबिबटे. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये, उत्तराखंडात १२४, हिमाचलात ५१, अरुणाचलात ३६, जम्मू-काश्मीरमध्ये ९. आणि सिक्कीममध्ये, म्हणजे दार्जिलिंगच्या चौरस्त्यावरून समोर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या भिंतीच्या आसपास, २१. ते वाचायचे असतील तर ते पिंजऱ्यामुळे वाचणार नाहीत. ते वाचतील मेंढवाड्यामुळे. एका रात्री हिमबिबट्या वाड्यात शिरला तर एखादीच मेंढी मारून थांबत नाही, घाबरलेल्या कळपात दहा-वीस पाडतो. ज्याचे वर्षाचे उत्पन्न त्या रात्री गेले त्याने काठी उचलली तर त्याला दुष्ट कोण म्हणेल? म्हणून लडाखमध्ये वाड्यांना वरून जाळी बसवून देणे, जनावरांचा विमा उतरवणे, रुंबकसारख्या खेड्यांत पाहुण्यांना घरी ठेवून चार पैसे मिळवून देणे, असे उद्योग गेली वीस-पंचवीस वर्षे चालले आहेत. जिवंत हिमबिबट्या मेलेल्यापेक्षा त्या घराला अधिक मोलाचा वाटला पाहिजे, एवढाच त्यातला मुद्दा. २०१७ साली जागतिक यादीत या प्राण्याची श्रेणी 'संकटग्रस्त' वरून एक पायरी खाली, 'असुरक्षित' अशी आली. त्यावरून जाणत्यांत वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पायरी उतरली म्हणजे जिना संपला असे नव्हे.

मग या सदुसष्ट एकरांचा उपयोग काय? याविषयी आमच्यात संध्याकाळभर वाद झाला. आमच्या ह्यांचे मत, ही बँकेतली ठेव आहे. रानात उद्या रोगराई आली, भरलांचे कळप संपले, तर निदान वंश तरी शिल्लक राहील. आणि या ठेवीला आता आपल्या हैदराबादचेही कुलूप लागले आहे, हे मी वाचले होते ते मी सांगितले. आपल्या इथल्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राची, ज्याला आपण सगळे सीसीएमबी म्हणतो, अत्तापूरला एक प्रयोगशाळा आहे, खास दुर्मीळ प्राण्यांसाठी. या केंद्राच्या साहाय्याने २०२४ मध्ये दार्जिलिंगच्या संग्रहालयात एक पेढी सुरू झाली. तिथे जनावरांच्या ऊती आणि जनुकद्रव्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर, जपून ठेवतात. पद्मजाबाईंचे नाव तिकडे गेले त्याला जवळजवळ पन्नास वर्षे लोटल्यावर त्यांच्या गावचे शास्त्रज्ञ तिथे पोहोचले, याचा मला मनापासून आनंद वाटला.

"ठेव कुणाची आणि मोडणार कोण?" वन्सं म्हणाल्या. "ज्याच्या नावावर आहे त्याला त्यातले काही मिळायचे नाही."

"पण बाग-ए-आमच्या वाघासारखा तो येरझारा घालत नव्हता," मी म्हटले.

"नव्हता," त्यांनी कबूल केले. "जागा बरी आहे, माणसे मायेची आहेत. ते मी नाकारीत नाही, वहिनी. माहेरही हेच आणि सासरही हेच, असे तो म्हणाला ना, त्यात बाहेर कुठेच आले नाही, एवढेच मला दिसले."

माझे मत या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. हे आवार मोडावे असे मला वाटत नाही. त्या राखणदाराला पाहून जनावराने केलेला तो हलका फुत्कार मी ऐकला आहे. पण इथे एक बछडे जन्मले की वर्तमानपत्रे 'हिमबिबट्या वाचला' असे जे लिहितात, ते मात्र मी यापुढे तसे वाचणार नाही. इथे वंश राखला जातो. प्राणी राखायचा असेल तर पैसा आणि कळकळ त्या मेंढपाळाच्या दारी गेली पाहिजे, आणि तिथे तिकिटाची खिडकी नसल्याने ती सहसा जात नाही.

तेनसिंगांचे सांगायचे राहिले. १९८६ साली ते गेले, आणि त्यांची समाधी व पुतळा याच आवारात वरच्या अंगाला आहेत. हातातली बर्फाची कुऱ्हाड उंच धरलेली, तोंडावर ते सर्वपरिचित हसू. वन्संनी चप्पल काढून नमस्कार केला. थंडगार फरशीवर अनवाणी उभ्या राहून त्या बराच वेळ पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकाश स्वच्छ निघाले. चौरस्त्यामागच्या वाटेवर माणसे शाली गुंडाळून उत्तरेकडे तोंड करून उभी होती. आठ हजार पाचशे शहाऐंशी मीटरांचे कांचनजंगा आधी राखाडी, मग गुलाबी, मग डोळ्यांना सहन होणार नाही इतके पांढरे झाले. त्या पांढऱ्याच्या खाली, खडक सुरू होतात त्या पट्ट्यात, कुठेतरी ते एकवीस असणार. आमच्या ह्यांनी दुर्बीण लावून पाहिले, आणि काही दिसत नाही असे सांगून ती माझ्या हाती दिली.

गुरुवार होता. वन्संचा दत्ताचा उपवास, आणि प्राणिसंग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा वार. बाकावर बसून त्या डोंगरातले लहानसे संत्रे सोलत होत्या. "आज त्यांना कुणी शिट्टी मारणार नाही," त्या म्हणाल्या, आणि अर्धे संत्रे माझ्यापुढे धरले.